कान आणि काना

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिणं झालं नाही. कारण तसं मोठं नाही. पाऊस, सारखी जाणारी वीज आणि घरी आलेला एक पाहुणा. पाहुणा म्हणजे माझ्या पुतण्याचा मुलगा. वय वर्षं सहा, यत्ता पहिली. त्याच्या आईबाबांची नोकरीची धावपळ आहे, म्हणून या वर्षी तो इथे देवरूखला आमच्याकडे आहे. दिवसभर शाळा, संध्याकाळी पडवीत माझ्यासमोर पाटी-पुस्तक.

पहिल्या दिवशी त्याने मला मुळाक्षरं म्हणून दाखवली. क कमळाचा पासून थेट ज्ञ पर्यंत, एकदाही न अडखळता. बाराखडीही सुरात म्हटली. मी खूष. म्हटलं, आता याला काय शिकवायचं! पाटीवर लिहिलं, "मका".

तो बघत राहिला. मग म्हणाला, "माकड!"

"नाही रे, नीट बघ."

"मगर?"

तो पाटीवर चित्र शोधत होता. मी विचारलं, "बरं, मका म्हणताना तोंडात आधी काय येतं?"

"दाणे!"

मी खूप हसले. तोही हसला. पण रात्री झोप येईना. कारण असाच एक मुलगा मी साठ वर्षांपूर्वी बघितला होता. माझ्याच बाकावर बसायचा. माझा चुलतभाऊ, आमचा दादा.

घरातल्यांना दादाची गोष्ट माहीत आहे, पण पूर्ण कुणालाच नाही. दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. नापास होत होत माझ्या वर्गात आला. आमच्या घरात तेव्हा सगळेच "पानी" म्हणायचे. पानी, लोनी, कोन, आंगन. आमच्या घरात ण नव्हताच! शाळेत पाण्याचं चित्र दाखवलं की दादा म्हणायचा "पानी", आणि गुरुजी विचारायचे, "न की ण?" दादाला दोन्ही सारखंच ऐकू यायचं. मग छडी. मी हुशार होते अशातला भाग नाही. कुठल्या शब्दात "बाणाचा ण" घालायचा ती यादी मी पाठ केली होती, इतकंच. दादाला यादी पाठ होत नव्हती. त्याला पदवी मिळाली, "ढ".

आता गंमत बघा. हाच दादा आमच्या वाडीत च च्या भाषेचा राजा होता. आपल्यापैकी अनेकांना ती येत असेल. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी न्यायचं आणि त्याच्या जागी च ठेवायचा. "मला आंबा पाहिजे" म्हणजे "चलाम चबाआं चहिजेपा". मोठ्यांच्या समोर बसून आम्ही त्यांच्याचबद्दल वाट्टेल ते बोलायचो. दादा ती इतक्या वेगात बोलायचा की आम्हालाच कळायचं नाही. शब्दाचं डोकं कापून शेपटाला लावायचं आणि तेही बोलता बोलता, हे काही सोपं काम नाही. शब्द कशाकशाचा बनलाय हे कानाला कळल्याशिवाय ते जमत नाही. आणि वाचायला शिकण्यासाठी नेमकं हेच आधी लागतं. पण शाळेत ते कुणी विचारलंच नाही.

चौथीनंतर दादाची शाळा सुटली. मुंबईत गिरणगावात ओळखीच्यांच्या खाणावळीत तो कामाला लागला. १९८२ चा गिरण्यांचा संप झाला, जेवायला येणारी माणसं कमी झाली, तरी तो तिथेच राहिला. घरचं पत्र आलं की शेजारच्या एकाकडून वाचून घ्यायचा. काकू आजारी पडली तेव्हा आंतर्देशीय पत्र मीच लिहिलं होतं. "लवकर ये" असं दोनदा लिहिलं होतं. नेमका तो शेजारी गावी गेलेला. दुसऱ्या कुणाला सांगायची दादाला लाज वाटली. पत्र दोन दिवस त्याच्या खिशात राहिलं. तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

त्याने मला कधी बोल लावला नाही. स्वतःला लावत असणार. पण अक्षरं सुरेख काढून लिहिलेलं ते पत्र मी अजून विसरले नाही.

असो. तर "दाणे" ऐकल्यावर मी ठरवलं की आपल्या लोकांनी मुलांना वाचायला शिकवताना कानाला कधी विचारलं आणि कधी विसरले, ते जरा बघू या. जे हाती लागलं ते लिहिते आहे.

सुरुवात कानापासूनच आहे. आत्ता, हे वाचता वाचता, मोठ्याने म्हणून बघा. क, च, ट, त, प. (घरात कुणी बघत नसेल तर!) जीभ कुठे लागते? क घशाशी, च टाळूला, ट जीभ वळवून वर, त दातांना आणि प ला तर ओठच मिटतात. आत पासून बाहेर, पायरी पायरीने. आपली वर्णमाला म्हणजे तोंडाचा नकाशा आहे. हा नकाशा काढणाऱ्यांनी तो अक्षरं बघून नाही काढला, उच्चार ऐकून काढला. वेद तोंडी जपायचे होते. उच्चार बिघडू नयेत म्हणून शिक्षा आणि प्रातिशाख्यं हे ग्रंथ झाले. संहिता सुटी करून पदपाठ, मग क्रमपाठ, घनपाठ, म्हणजे शब्द पुढे-मागे उलटेपालटे म्हणण्याच्या पद्धती. मला तर ती थोरामोठ्यांची च ची भाषाच वाटते. युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या भाषापंडितांनी एकोणिसाव्या शतकात हे ग्रंथ अभ्यासले. व्हिटनी या अमेरिकन पंडिताने १८६२ मध्ये अथर्ववेदाचं प्रातिशाख्य इंग्रजी भाषांतरासह छापलं. मात्र एक विसरून चालणार नाही. हे कानाचं शिक्षण मूठभरांसाठी होतं. आमच्या घरापर्यंत ते कधी पोचलंच नाही. आमच्यापर्यंत पोचला तो फक्त तक्ता.

पुढे पंतोजींच्या शाळा. धूळपाटीवर बोटाने किंवा काडीने अक्षर गिरवायचं आणि गिरवताना मोठ्याने म्हणायचं. "श्रीगणेशा" आणि "ओनामा" हे शब्द आपण आजही सुरुवात या अर्थाने वापरतो. ओनामा म्हणजे "ॐ नमः सिद्धम्". पोरांच्या तोंडात त्याचं "ओनामासीधं" झालं. अर्थ कळायचा नाही, पण निदान हात, तोंड आणि कान एकदम कामाला लागायचे.

मग छापील पुस्तकं आली. इंग्रजी अमलात मेजर थॉमस कँडी (१८०४–१८७७) यांच्या देखरेखीखाली शाळांची मराठी पुस्तकं तयार झाली. विरामचिन्हं रुळली, लेखनाला एक वळण लागलं. ते आवश्यकच होतं, नाहीतर रत्नागिरीचं पुस्तक नागपूरला कसं चाललं असतं? पण जी मराठी प्रमाण ठरली ती पुण्याकडच्या शिकलेल्या लोकांची. तिथून पुढे पुस्तकातल्या अक्षराचा आवाज एक आणि वाडीतल्या पोराच्या तोंडातला आवाज दुसरा, अशी फारकत सुरू झाली. ती फारकत भरून काढायचं काम कुणाचं, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते छडीवर सोपवलं गेलं.

आणि मग आपलं लाडकं ग म भ न. कित्येक पिढ्यांची अक्षरओळख या चौघांपासून झाली. आपल्यातल्या जुन्या ब्लॉगवाल्यांनी तर संगणकावर मराठी लिहायला ज्या सोयीने सुरुवात केली तिचंही नाव गमभन! हा क्रम का? तर या अक्षरांत उभी रेघ आहे, वळणं जवळची आहेत, हाताला सोपं पडतं. पण कानाने बघा. ग घशाचा, म आणि भ ओठांचे, न दातांचा. हाताची सोय झाली, डोळ्याची झाली, कानाची कुठे झाली? मी ग म भ न ला नावं ठेवत नाहीये. मीही त्यानेच शिकले. पण त्याच्या आधी आणि त्याच्या जोडीला काहीतरी हवं होतं.

ते काहीतरी काय, हे अलीकडच्या संशोधनाने छान दाखवलं आहे. १९७४ साली अमेरिकेत इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना एक खेळ दिला. शब्द ऐकायचा आणि त्यात जेवढे तुकडे असतील तितक्या वेळा टेबलावर काठी आपटायची. चार वर्षांच्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना शब्दाचे मोठे तुकडे पाडता आले. म्हणजे आपण टाळ्या वाजवत "बा-हु-ली" म्हणतो तसे. पण त्याहून बारीक, एकेक सुटा ध्वनी, एकालाही मोजता आला नाही. सहा वर्षांच्या मुलांत मोठे तुकडे ९० टक्क्यांना जमले आणि बारीक ७० टक्क्यांना. पुढे १९७९ मध्ये पोर्तुगालमध्ये न शिकलेल्या प्रौढांवर अभ्यास झाला. शब्दाचा पहिला सुटा ध्वनी काढून उरलेलं म्हणा, हे त्यांना फारसं जमेना. मोठेपणी वाचायला शिकलेल्यांना मात्र जमलं. म्हणजे कान तयार असला तर वाचन सोपं जातं, आणि वाचता येऊ लागलं की कान आणखी तयार होतो. १९८३ मध्ये ऑक्सफर्डच्या ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी ६५ मुलांना घेऊन हे करून बघितलं. काही मुलांना फक्त सारख्या आवाजाचे शब्द ओळखायचे खेळ दिले, काहींना त्या खेळांबरोबर अक्षरंही दिली. सगळ्यात पुढे गेली ती दोन्ही मिळालेली मुलं.

हे सगळं इंग्रजीचं आणि पोर्तुगीजचं. आपल्याकडे काय? कन्नडची लिपी आपल्यासारखीच अक्षरांची. बंगळूरच्या सोनाली नाग यांनी २००७ साली कन्नड मुलांबद्दल लिहिलं, की अशा लिपीत मुलांना सुट्या बारीक ध्वनींची जाणीव हळूहळू येते, आणि सगळी अक्षरं पक्की व्हायलाही पहिलीच्या पुढे बराच काळ लागतो. वाचल्यावर मला हायसं वाटलं. आमचा पाहुणा काही वेगळा नव्हता.

मी दुसऱ्या दिवशी पडवीत टाळ्यांचा खेळ मांडला. म्हटलं, आपल्या गावाचं नाव टाळ्यांनी सांग. त्याने दोनच टाळ्या वाजवल्या. "देव-रूख". मी चुकलास म्हणणार होते, इतक्यात लक्षात आलं. तोच बरोबर होता! आपण लिहितो चार अक्षरं, दे-व-रू-ख. पण बोलताना व आणि ख मधला अ गिळतो. कान म्हणतो दोन, डोळा म्हणतो चार. (आणि रु ऱ्हस्व की दीर्घ यावर तर गावातल्या पाट्यांचंही एकमत नाही.) शिवाय "चार" मधला च वेगळा आणि गुरांच्या "चारा" मधला वेगळा, पण लिहायला एकच. मराठी जसं बोलतो तसं लिहितो, असं आपण अभिमानाने सांगतो. बऱ्याच अंशी खरं आहे. पण जिथे खरं नाही, तिथे पोर अडखळतं आणि आपण म्हणतो लक्ष नाही.

आणि खरा घाट लागतो तो कान्याशी. "मका" ला तो "माकड" का म्हणाला? कारण म आणि मा यात काय फरक आहे हे त्याने बाराखडीच्या सुरात म्हटलं होतं, ऐकलं नव्हतं. म चा आवाज तोच, त्याला मागून आ येऊन चिकटला, हे कानाला कळलं तरच ती उभी रेघ काहीतरी बोलते. नाहीतर काना ही नुसती काठी. कान नाही तर काना नाही!

हे ओळखणारी माणसं आपल्याकडे होती, हे मात्र अभिमानाने सांगायला हवं. माँटेसरीबाईंच्या पद्धतीत खरखरीत कागदाची अक्षरं असतात. बोट फिरवायचं आणि अक्षराचा आवाज काढायचा. त्या १९३९ मध्ये भारतात आल्या. त्याआधीच भावनगरला गिजुभाई बधेका आणि त्यांच्याबरोबर ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी बालशिक्षणाचं काम आपल्या मातीत रुजवायला घेतलं होतं. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला, नंतर कोसबाडला, अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांच्या साथीने आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी चालवली. मुलं येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची. गाणी, गोष्टी, बडबड, सगळं आधी. पुस्तक नंतर.

दुसरं नाव मॅक्सीन बर्नसन. या मूळच्या अमेरिकन बाई. साताऱ्याच्या फलटणला आल्या त्या तिथल्या लोकांच्या बोलण्याचा अभ्यास करायला, आणि तिथेच राहिल्या. भारताचं नागरिकत्व घेतलं. त्यांचा १९७३ चा प्रबंध फलटणच्या बोलीवर आहे. कोण कसं बोलतं हे कान लावून ऐकलेल्या या बाईंनी मग दलित वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवायला घेतलं. १९८६ मध्ये तिथे कमला निंबकर बालभवन ही मराठी शाळा सुरू झाली. आधी सगळी मुळाक्षरं आणि मग कधीतरी बाराखडी असं न करता, थोडी अक्षरं आणि त्यांच्याबरोबर काना-वेलांटी, म्हणजे पहिल्या काही दिवसांतच मूल "मामा", "काका", "मका" असं खरं काही वाचू शकेल, हा विचार फलटणमधून आणि पुढे वाड्याच्या क्वेस्ट संस्थेच्या कामातून महाराष्ट्रात पसरला. २०२१ मध्ये केंद्र सरकारने निपुण भारत अभियान सुरू केलं. त्यात तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं हे ध्येय आहे, आणि ध्वनींची जाणीव हा शब्दही आता सरकारी कागदांत आला आहे. कागदातून वर्गात येईल तो सुदिन. चाळीस-पन्नास पोरांच्या गोंगाटात एकेकाचं तोंड उघडून बघायचं म्हणजे बाईंचीही परीक्षाच आहे.

दादा आता सत्तरी ओलांडून गावीच असतो. संध्याकाळी पडवीच्या कडेला सुपारी कातरत आमचा खेळ बघत बसतो. एके दिवशी मी पोराला आरसा दिला होता. ट, ड म्हणताना जीभ कशी वळते ते बघायला. म्हटलं, आता जीभ तिथेच ठेव, ड सारखी, आणि आवाज नाकातून सोड. पोर म्हणालं, "ण!"

मागून आवाज आला, "ण". मग पुन्हा, हळू, "पा-णी".

दादाने आरसा मागून घेतला. जीभ वळवून बघितली. ट ठ ड ढ ण. म्हणजे ज्या ढ ची पदवी त्याला मिळाली, त्याच्या शेजारच्याच घरात तो ण राहत होता. ट आणि ड त्याला लहानपणापासून येत होते. एक पाऊल पुढे टाकायचं होतं फक्त.

"आसा व्हय," दादा म्हणाला. "मला कोनी सांगितलाच नाय."

मी काही बोलले नाही. काय बोलणार? नंतर पोराने विचारलं, आजोबा पानी म्हणतात, ते चूक का? मी म्हटलं, घरात पानी, पुस्तकात पाणी, तहान दोन्हीने भागते. फक्त कुठलं कुठे, ते ऐकू आलं पाहिजे.

तेव्हापासून टाळ्या, भेंड्या आणि च ची भाषा हा विभाग दादाकडे आहे. माझ्याकडे फक्त पाटी. पोराने पंधरा दिवसांत त्याच्याकडून च ची भाषा उचलली. आता दोघं मिळून माझ्यासमोरच माझ्याबद्दल काय बोलतात देव जाणे.

परवा तिघं एसटी स्टँडवर गेलो होतो. गाडी लागली. दादा सवयीने माझ्याकडे बघायला लागला, पाटी वाचून दाखव म्हणून. मी मुद्दाम पिशवीत काहीतरी शोधत राहिले.

पोर वाचायला लागलं. "सा... ख... र... साखर!"

"फुडं काय तरी र्‍हायलाय," दादा म्हणाला. त्याला अक्षरं दिसत होती, वाचता येत नव्हती. पण पाटी साखरेपेक्षा लांब आहे एवढं कळत होतं.

"सा-ख-र-पा." पोर थांबलं. चार तुकडे झाले, पण शब्द होईना. असं नाव त्याने कधी ऐकलेलंच नव्हतं.

दादाने डोळे मिटले. ओठांनी ते चार तुकडे एकदा पुटपुटले, मधला अ गिळला, आणि म्हणाला, "साखर्पा! साखरप्याची गाडी हाय. चला."